सुई न लागलेलं निशाण

पाडव्याच्या सकाळी घरोघरी एक छोटी कसरत चालते. वेळूची धुतलेली काठी कठड्याशी आडवी धरलेली असते. एकाच्या हातात साडीच्या निऱ्या, दुसऱ्याच्या दातात सुतळीचं टोक. निऱ्या सारख्या यायला हव्यात, काठ दर्शनी बाजूला दिसायला हवेत आणि काठीच्या टोकाला सगळं आवळताना एकही निरी सुटता कामा नये. ती सुटतेच. रेशीम गुळगुळीत वेळूवर घसरतं, गाठ सैल पडते आणि मागून सूचना येते, "नीट आवळ रे, गेल्या वर्षी दुपारीच खाली आली होती!" मग घरातलं कुणीतरी जाणतं माणूस पुढे येतं. ते काठी फिरवून टोकाजवळचं पेर चाचपतं आणि सुतळीचे वेढे त्या पेराच्या बरोबर वर घेतं. आता वस्त्राचं वजन गाठीला कितीही खाली ओढू दे, पेराचा फुगवटा तिला सरकू देत नाही. त्यावर कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, झेंडूचा हार, साखरेची गाठी, आणि शेवटी तांब्या पालथा. तांब्या बसला की गाठ दिसेनाशी होते आणि वजनाने दबून बसतेही.

या सगळ्यात सुईचा कुठेही संबंध आलेला नसतो. कात्री लागली तर सुतळी तोडायला. कापड जसं मागावरून किंवा कपाटातून आलं तसंच अखंड वर चढतं आणि सूर्यास्ताच्या आत तसंच उतरतं.

झेंड्याचं तसं नसतं. झेंडा होण्यासाठी कापड मापात कापावं लागतं, कडा दुमडून शिवाव्या लागतात, काठी किंवा दोरी घालायला एका बाजूला नेफा करावा लागतो. एकदा झेंडा झाला की त्या कापडाचं दुसरं काही होत नाही. गुढीचं वस्त्र मात्र पाडव्याच्या आदल्या दिवशी साडी असतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी असतं आणि मधल्या एका दिवसापुरतं निशाण होतं. मराठी घरातलं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुन्या वळणाचं सणाचं निशाण. त्याच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण शालिवाहन, राम आणि ब्रह्मदेव यांच्याकडे चटकन धाव घेतो. कापडाकडे आणि गाठीकडे पाहिलं तर जास्त हाती लागतं.

न शिवलेलं कापड म्हणजे शिवणकाम येत नव्हतं त्या काळाची खूण, असा एक गैरसमज असतो. ज्या समाजात नामदेवांसारखा संत शिंप्याच्या घरात जन्मला आणि त्याने कात्री, सुई, दोरा हे शब्द भक्तीच्या भाषेत आणले, त्या समाजाला सुई अपरिचित नव्हती. प्रश्न कौशल्याचा नव्हता, विधीचा होता. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत पूजेच्या वस्त्राला 'अहत' असा शब्द येतो. अहत म्हणजे नवं, कुणी न नेसलेलं आणि टोकाला दशा शाबूत असलेलं. दशा म्हणजे विणून झाल्यावर मागावरून उतरताना राहणारे ताण्याचे मोकळे धागे. त्या असल्या की कापड कुठेही कापलेलं नाही याची खात्री पटते. सोवळ्यात धोतर, पंचा, उपरणं चालतं आणि शिवलेला सदरा चालत नाही, यामागेही हीच धारणा आहे. घरातल्या बोलीत यालाच 'कोरं' म्हणतात. गुढीला कोरं वस्त्र हवं, असं आजी सांगते तेव्हा तिला ग्रंथातला शब्द माहीत नसतो. अर्थ मात्र बरोबर माहीत असतो.

वेळूच्या काठीला वस्त्र बांधून ती पुजण्याची चाल फार मागे जाते. महाभारताच्या आदिपर्वात चेदी देशाच्या उपरिचर वसू राजाची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची काठी दिली, वर्ष सरल्यावर राजाने ती जमिनीत रोवली आणि वस्त्रं, गंध व माळांनी तिची पूजा केली. पुढे राजे तसंच करत आले, असं ती कथा सांगते. याच उत्सवाला पुढे इंद्रध्वज किंवा इंद्रमह म्हटलं गेलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त एक अख्खा अध्याय त्याच्यासाठी दिला आहे. झाड कसं निवडावं, कसं तोडावं, ध्वज उभारताना कोणत्या खुणा शुभ आणि कोणत्या अशुभ, असा सगळा तपशील त्यात आहे. तो ध्वज राजाचा होता, भाद्रपदातला होता आणि त्याला सुतार, दोरखंड आणि माणसांची फौज लागायची. काठमांडूच्या इंद्रजात्रेत आजही असा उंच खांब उभा राहतो.

गुढीच्या अभ्यासकाने थांबावं अशी जागा त्याहून छोटी आहे आणि ती नाट्यशास्त्रात आहे. भरताच्या कथेप्रमाणे पहिलं नाटक इंद्रध्वजाच्या उत्सवातच झालं. त्यात विघ्न आणणाऱ्या असुरांना इंद्राने आपल्या ध्वजाने झोडपून जर्जर केलं, म्हणून त्या काठीचं नाव जर्जर पडलं. रंगपूजेत हा जर्जर मांडायचा, तो वेळूचा असावा आणि त्याला पाच पेरं असावीत, असं भरत सांगतो. प्रत्येक पेराला वेगळं वस्त्र बांधायचं. शेंड्याला पांढरं, त्याखाली निळं, मग पिवळं, मग लाल आणि सगळ्यात खाली अनेक रंगांचं. इथेही सुई नाही. पेर आणि गाठ, एवढंच तंत्र. संस्कृतात पेराला 'पर्व' म्हणतात आणि सणालाही 'पर्व'च म्हणतात. मराठी 'पेर' त्याच शब्दातून आला आहे. पाडव्याला सुतळी घेऊन पेर शोधणाऱ्या हाताला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तो हात जुन्याच जागी गाठ मारतो.

म्हणून गुढी ही इंद्रध्वजाचीच लेक, असं छातीठोकपणे सांगण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. वेळू, वस्त्र, वर्षाचा हिशेब, उभारणं आणि उतरवणं हे सगळं जुळतं. महिना जुळत नाही आणि मालकही जुळत नाही. इंद्रध्वज राज्याचा असायचा. गुढी उंबऱ्याची असते.

'गुढी' हा शब्दही उंबऱ्यापलीकडच्या नात्यागोत्यात वाढलेला दिसतो. जुन्या कन्नडात 'गुडि' म्हणजे ध्वज, आणि 'गुडिगट्टु' म्हणजे ध्वज उभारणं. त्यातल्या 'कट्टु'चा अर्थ बांधणं. देऊळ या अर्थाचा 'गुडि' कन्नड आणि तेलुगूत आजही रोजच्या बोलण्यातला आहे. मराठीत हा शब्द पहिल्या मोठ्या ग्रंथांपासूनच आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत चौथ्या अध्यायात, देव अवतार कशासाठी घेतो हे सांगताना, सज्जनांच्या हातून उभारल्या जाणाऱ्या सुखाच्या गुढीची प्रतिमा आली आहे. चोखोबांच्या अभंगात पंढरीच्या वाटेवरच्या आनंदात गुढी आहे. विजय झाला, संकट टळलं, कुणी मानाचं माणूस गावात आलं की गुढी उभारायची आणि दाराला तोरण बांधायचं. 'गुढ्या-तोरणं' ही जोडी तिथूनच भाषेत रुजली. त्या काळची गुढी ही आनंदाची खूण होती आणि ती बाराही महिने उभारता येत होती.

गेल्या काही वर्षांत पाडवा जवळ आला की मोबाइलवर एक वाद फिरू लागतो. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला, फाल्गुन अमावास्येला झाली आणि गुढीची चाल त्यानंतर लादली गेली, असा तो दावा आहे. काही घरांत म्हणून गुढीऐवजी भगवा ध्वज लावतात. आपल्या घरावर कोणतं निशाण लावायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यात दुसऱ्याने नाक खुपसू नये. पण ज्ञानेश्वर आणि चोखोबा हे १६८९ च्या तीन-चारशे वर्षं आधीचे. गुढी उभारणं हे त्यांच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं, यातच काय ते आलं.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला घरोघरी ध्वज उभारावा, अभ्यंगस्नान करावं, कडुलिंबाची पानं खावीत, हे धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सांगितलेलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 'धर्मसिंधु' रचला, त्यातल्या पाडव्याच्या कर्मांत ध्वजारोपण आहे. ग्रंथातला शब्द ध्वज, लोकांच्या तोंडी शब्द गुढी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात गुढीचा अर्थ देताना काठी, तिला गुंडाळलेलं कापड, वर लोटा आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी दारापुढे उभारण्याची चाल, असं सगळं नोंदलेलं आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी साहेबाच्या नजरेला पडलेली गुढी आजच्या गुढीहून फारशी वेगळी नव्हती. कापड कसलं, हे मात्र कोशाने सांगितलेलं नाही, आणि तेही ठीकच. ज्या घरात जे असेल ते, हाच इथला नियम. श्रीमंताघरी शालू, गरिबाघरी खण, तोही नसेल तर धुतलेलं स्वच्छ उपरणं.

चैत्र हा महाराष्ट्रात एकंदरीतच काठ्यांचा आणि लांब कापडांचा महिना आहे. सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत हवेतून एक लांबच लांब विणलेली पट्टी बांधली जाते. तिला ध्वज म्हणतात, पागोटंही म्हणतात. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत जोतिबाच्या सासनकाठ्या नाचतात. रंगीत कापडांनी मढवलेले ते उंच वेळू एकट्याने तोलता येत नाहीत. एक जण काठी पेलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोर ताणून तिचा तोल राखतात. गुढी ही या सगळ्या मंडळींतली सगळ्यात धाकटी. तिला न गाव लागतं, न मानकरी. एक गॅलरी आणि दोन माणसं पुरतात.

ती चैत्रातच का रमली, हे कडुलिंबाकडे पाहिलं की कळतं. फाल्गुनात त्याची पानं झडतात आणि पाडव्याच्या सुमाराला तांबूस, तुकतुकीत पालवी येते, फुलांचे घोसही लागतात. आंब्यालाही कोवळी पानं असतात. रब्बीचं पीक घरात आलेलं असतं. गुढीला लागणारं प्रत्येक सामान त्या पंधरवड्यात फुकट किंवा स्वस्त असतं, आणि जे विकत घ्यावं लागतं त्याच्यामागे एकेका जमातीचा किंवा धंद्याचा हंगाम उभा असतो.

काठी बुरुडांची. पुण्यात बुरूड आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. एरवी सुपं, टोपल्या, शिड्या आणि मांडवाचे वेळू विकणाऱ्या या आळीत पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तासून सारख्या केलेल्या काठ्यांच्या मोळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसतात. जाणतं गिऱ्हाईक काठी उचलतं, डोळ्यासमोर आडवी धरून तिच्यात वाक आहे का बघतं, मग शेंड्याकडची पेरं किती जवळजवळ आहेत ते पाहतं. बाकीचे उंची विचारतात आणि पैसे देऊन निघून जातात. कोकणात काठी विकत घ्यायचा प्रश्न येत नाही. परसातल्या बेटातून एक सरळसोट काठी तोडली, पाला खरवडला, झालं.

गाठी हलवायांची. महाशिवरात्रीपासून त्यांच्या भट्ट्या याच कामाला लागतात, कारण विदर्भ-मराठवाड्यात होळीलाही लहान मुलांच्या गळ्यात गाठी घालतात. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडं दूध टाकतात. मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकली की पाक स्वच्छ पांढरा होतो. लाकडी साच्यात पदकांचे खळगे कोरलेले असतात आणि त्या सगळ्यांमधून आधीच एक दोरा ताणून ठेवलेला असतो. साच्याचे दोन्ही भाग घट्ट बांधायचे आणि वरून पाक सोडायचा. काही मिनिटांत साचा उघडला की पदकं दोऱ्यावर ओवलेलीच बाहेर येतात. ओवायला सुई लागत नाही, कारण साखरच दोऱ्याभोवती गोठते. गुढीच्या अंगावरचा हा एकमेव दागिना, आणि तोही न शिवता, न ओवता झालेला. हा योगायोग असेल, पण सुंदर आहे.

खणाची गोष्ट थोडी लांबची. गुढीला साडी लावणारी घरं आहेत तशी खण लावणारीही आहेत, आणि हा खण बहुतेक वेळा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा असायचा. हे गाव मुंबई इलाख्यात होतं, विजापूर जिल्ह्यात. भाषावार प्रांतरचनेत ते म्हैसूर राज्यात गेलं तरी त्याचं गिऱ्हाईक मराठीच राहिलं. विणकर कन्नड बोलणारा, चोळी मराठी बाईची. दोन्ही बाजूंना काठ आणि मध्ये बारीक बुट्ट्यांची ओळ, ही त्या कापडाची ओळख. बुट्ट्या वेगळ्या जादा ताण्याने उठवलेल्या असतात, त्यामुळे एका बाजूने झळकतात आणि उलट्या बाजूने मोकळे धागे दिसतात. दोन काठ ही शोभा नव्हे, सोय होती. कापड चोळीसाठी बेतताना काठ बाह्यांच्या टोकांना येतील असं पाहायचे. म्हणजे शिंप्याची कात्री कुठून फिरणार हे विणकराने मागावर बसतानाच लक्षात घेतलेलं असायचं.

गुढीवर चढणारा खण या प्रवासाच्या अधेमधे कुठेतरी उभा असतो. मागावरून सुटलेला, शिंप्याकडे न पोचलेला. पाडव्याला तो निशाण होतो आणि पुढे कधीतरी त्याची चोळी होते, किंवा माहेरवाशिणीच्या ओटीत जातो. निदान व्हायची आणि जायचा. आता ओटीत पडणाऱ्या पॉलिएस्टरच्या ब्लाउज पीसचं पुढे काय होतं, हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. तो शिवला जात नाही. कपाटातल्या एका ठरलेल्या पिशवीत जातो, हळदीकुंकवाला बाहेर येतो, दुसऱ्या घरच्या तशाच पिशवीत जाऊन बसतो आणि कधीकधी तीन-चार वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येतो. देणारीही ओळखते, घेणारीही ओळखते. कुणी काही बोलत नाही. अहत वस्त्राची कल्पना इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्याच कापडाने पाळलेली नसेल.

शहरात गुढीची जागा आक्रसत गेली. वाड्याच्या दारापुढे किंवा माडीच्या खिडकीत उभी राहणारी गुढी चाळीत आली तेव्हा तिला सामाईक गॅलरीचा कठडा मिळाला. तो तिला फार मानवला. गिरगाव-परळच्या चाळींत पाडव्याला प्रत्येक खोलीपुढे एक, अशा मजल्यामजल्यावर गुढ्यांच्या रांगा लागायच्या आणि कुणाकडे नवी साडी आली, कुणी गेल्या वर्षीचीच लावली, हे सगळ्या चाळीला खालूनच समजायचं. फ्लॅटमध्ये कठडा गेला आणि त्याच्या जागी लोखंडी जाळी आली. जाळीतून सहा फुटी काठी बाहेर काढता येत नाही. काढली तर वरच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकते.

त्याच सुमाराला गुढी रस्त्यावर उतरली. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली पाडव्याची स्वागतयात्रा निघाली आणि पुढच्या काही वर्षांत ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक असं लोण पसरलं. ढोल-ताशे, नऊवारी, फेटे, मोटरसायकली, आणि सगळ्यांच्या पुढे चौकात दोन मजली उंच गुढी. ती इतकी उंच असते की तिचं वस्त्र मुद्दाम शिवून घ्यावं लागतं, वाऱ्याने फाटू नये म्हणून कडांना पट्टी लावावी लागते. म्हणजे घरातली गुढी रस्त्यावर येताच झेंड्यासारखी वागू लागली.

घरातल्या गुढीलाही सुई गाठायला मग वेळ लागला नाही. दादरच्या बाजारात, पुण्यात तुळशीबागेत आता फेब्रुवारी सरता सरता तयार गुढ्या मांडलेल्या असतात. वीतभर, हातभर, लाकडी पाटावर उभ्या. साडी आधीच निऱ्या घालून, इस्त्री करून, टाके मारून किंवा ग्लू गनने चिकटवून ठेवलेली. तांब्या पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा, कडुलिंब कापडी. मोठ्या काठीसाठी 'गुढीचं वस्त्र' वेगळं मिळतं, वर नाडी असलेलं. काठीवर चढवायचं आणि नाडी ओढायची. निऱ्यांची भानगडच नाही. हे करणाऱ्या बहुतेक बायका बचत गटांच्या किंवा घरबसल्या काम करणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या हाताला दोन महिने काम मिळतं याला नाक मुरडण्याचं कारण नाही. सकाळी सातची लोकल धरायची असताना पेर शोधत बसायला सांगणारे आपण कोण? तरी एक गोष्ट खरी की हे वस्त्र पाडव्यानंतर दुसरं काही होऊ शकत नाही. ते खोक्यात जातं आणि पुढच्या चैत्रापर्यंत माळ्यावर पडून राहतं. जी गुढी स्वस्त म्हणून विकत घेतली ती खरं तर जास्तीची घेतली, कारण साडी आणि तांब्या घरात होतेच.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाला या बांधणीचा वेगळाच उपयोग झाला. गोव्यात हाच दिवस संवसर पाडवो म्हणून येतो आणि गुढी उभी राहते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांनी मॉरिशसमध्ये पाडवा टिकवला आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचा पाडवा येत्या शनिवारी नाहीतर त्यापुढच्या शनिवारी होतो, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात. मार्च महिन्यात तिथे अनेक गावांत बर्फ असतो आणि कडुलिंब तर नसतोच. पण ज्या बॅगेतून साडी गेली तिच्यातून गुढीही गेली, फक्त घडी घातलेली. काठी कुठेही मिळते.

गुढीला खरोखर काय लागतं आणि काय लागत नाही, याची सगळ्यात मोठी परीक्षा अलीकडेच झाली. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला. राज्यात २३ तारखेपासून संचारबंदी होती. २४ च्या रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि ती मध्यरात्रीपासून लागू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचा पहिला दिवस, शके १९४२. एरवी आदल्या संध्याकाळी मंडईत उडणारी झुंबड त्या वर्षी उडालीच नाही. झेंडू नाही, काठ्यांच्या मोळ्या नाहीत, गाठ्या हलवायाच्या दुकानात बंद.

त्या सकाळी फोनवरून फिरलेल्या फोटोंमधल्या गुढ्या पुन्हा बघाव्यात अशा आहेत. कुठे पडद्याचा रॉड, कुठे जळमटं काढायच्या झाडूची काठी, कुठे बाथरूममधला वायपर उलटा केलेला. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची एक डहाळी वॉचमनने तोडून दिली आणि ती आठ घरांत वाटली गेली. गाठीऐवजी बत्ताशे दोऱ्यात बांधलेले, तेही नसतील तर साखरेची पुरचुंडी. हाराच्या जागी कुंडीतली सदाफुली. दोन गोष्टी मात्र जवळजवळ सगळीकडे जशाच्या तशा होत्या, घरातली चांगली साडी आणि घरातलाच तांब्या. रॉडला पेर नसतं, त्यामुळे साडी घसरत होती. कुणी रबर बँड आवळले, कुणी चिकटपट्टीचे वेढे देऊन बनावट पेर तयार केलं आणि त्याच्या वर गाठ मारली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, स्वागतयात्रा रद्द झाल्या होत्या, चौकातली दोन मजली गुढी त्या वर्षी कुणी उभारली नाही. बाल्कन्यांमधून मात्र साड्या हलत होत्या.

गुढी उतरवायची वेळ सूर्यास्ताच्या आधीची. हळदकुंकू वाहतात, गुळाचा किंवा साखरेचा नैवेद्य दाखवतात आणि उभारताना लागली त्याच्या पाव वेळात सगळं खाली येतं. आधी तांब्या, मग हार, मग उन्हाने मऊ पडून बोटांना चिकटणारी गाठी, जिच्यावर पोरं सकाळपासून नजर ठेवून असतात. सुतळीची गाठ सुटत नाही, ती कापावीच लागते. मग साडी पलंगावर पसरायची. वरच्या टोकाला, जिथे वेढे बसले होते तिथे, चुण्यांचा एक पंखा उमटलेला असतो आणि एखादं कडुलिंबाचं पान निरीत अडकून राहिलेलं असतं. हाताने चुण्या मोडत, काठाला काठ जुळवत ती जुन्याच घड्यांवर घालायची, मध्ये डांबराची गोळी टाकायची आणि कपाटात ठेवायची. पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न असतं. तेव्हा ती नेसताना पदराच्या एका कोपऱ्याला चुरगळल्याची बारीक खूण दिसते, आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "गुढीला लावली होती ना."